कंपवात महानिधी आणि बुधल्यातला हात

जिथे डांबरी रस्ता संपतो आणि रस्ता मंजूर झाल्याचा फलक सुरू होतो, तिथून पुढे एक रान होते. रानात झाडे होती, झाडांवर पोळी होती, पोळ्यांत मध होता आणि मधावर रावसाहेब होते.

रावसाहेब हे अस्वल होते आणि ते रीतसर निवडून आलेले होते. निवडणुकीची पद्धत सोपी होती. सर्व प्राणी कातळासमोर जमत आणि रावसाहेब कातळावर उभे राहत. ज्यांना रावसाहेब नको असतील त्यांनी पुढे येऊन त्यांच्या नखांना स्पर्श करावा, असा नियम होता. आजवर कोणी पुढे आले नव्हते, त्यामुळे निकाल एकमताने लागत असे.

रानातला सगळा मध एका मोठ्या बुधल्यात साठवलेला असे आणि रावसाहेबांचा उजवा हात सदैव त्या बुधल्यात असे. भाषण करताना, न्याय देताना, पाहुण्यांना निरोप देतानाही तो तिथेच असे. कोठाराच्या संरक्षणासाठी हात तेथे ठेवण्यात आला आहे, असा खुलासा सचिव मुंगूस यांनी पूर्वीच केला होता. हात अधूनमधून मध ढवळत असे, ती तपासणी होती. नंतर तो चाटला जाई, तोही तपासणीचाच भाग होता.

याच रानात ओढ्याच्या काठी आप्पा नावाचा साळिंदर आपल्या बायकोसह राहत होता. तिला सगळे चंद्राक्का म्हणत. कठीण जमिनीतून कंद उकरून काढण्यात आप्पाचा हात धरणारे कोणी नव्हते. अशा आप्पाचा आधी वास गेला. बिळाच्या तोंडाशी फणस पिकून फुटला, माश्या घोंघावू लागल्या, तरी त्याला पत्ता नव्हता. मग हात बिघडला. मांडीवर स्वस्थ ठेवलेला पंजा आपोआप थरथरू लागला. त्याबरोबर पाठीवरचे काटे एकमेकांवर आपटत आणि वाळक्या शेंगांचा घोस हलवावा तसा आवाज येई. पुढे चेहरा ताठरला. शेवटी पाय अडू लागले. मोकळ्यावर तो कसाबसा चाले, पण बिळाच्या अरुंद तोंडाशी आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागीच राहत.

"आत बसून काय करताय?" चंद्राक्का बाहेरून विचारी.

"निघालोय."

"सकाळपासून निघालायत."

"मी निघालोय गं. पाय निघत नाहीयेत."

माळावर राहणारी टिटवी रोगांचा अभ्यास करी. तिने आप्पाला तपासले आणि हा कंपवात आहे असे सांगितले. रानात असे आणखीही रुग्ण होते, पण त्यांचे काटे वाजत नसल्यामुळे ते लक्षात येत नव्हते.

आप्पाचे मात्र सगळ्यांच्या लक्षात आले. दर सभेत रावसाहेब एक विनोद सांगत. विनोद कायम तोच असे आणि त्यावर हसणे हा नागरिकत्वाचा पुरावा मानला जाई. एके दिवशी सगळी सभा हसली. आप्पाचा चेहरा दगडासारखा राहिला. त्यानंतर दिवंगत पोळ्यांसाठी शांतता पाळण्यात आली, तेव्हा आप्पाचे काटे वाजले. सचिव मुंगूस यांनी त्याला बोलावून घेतले.

"विनोद झाला तेव्हा तुमचा चेहरा स्थिर होता."

"तो हल्ली कायमच तसा असतो, साहेब."

"म्हणजे कायमची अप्रसन्नता. हा मोठा गुन्हा आहे."

"तसं नाही, साहेब," चंद्राक्का म्हणाली. "यांना हसू येतं. चेहऱ्यापर्यंत पोचत नाही, एवढंच."

"रानात बऱ्याच गोष्टी शेवटपर्यंत पोचत नाहीत, बाई. त्यासाठी कोणी तोंड पाडून बसत नाही."

टिटवी स्वस्थ बसली नव्हती. माळाच्या उतारावर खाजकुहिलीची दाट जाळी होती. तिच्या शेंगांवर बारीक सोनेरी लव असते आणि ती अंगाला लागली की प्राणी दिवसभर दुसरे काही करू शकत नाही. त्यामुळे त्या जाळीकडे कोणी फिरकत नसे. टिटवीच्या मात्र असे लक्षात आले होते की शेंगेच्या आतले बी उकडून, सोलून, वाटून दिले तर आप्पाचे पाय सुटतात. एका सकाळी तो स्वतःहून बिळाबाहेर आला आणि ओढ्यापर्यंत जाऊन परत आला. चंद्राक्काने त्या दिवशी कोणाशीही न बोलता सगळे बीळ झाडून काढले.

अडचण मात्रेची होती. बी कमी पडले तर पाय अडत. जास्त झाले तर आप्पाला उलट्या होत, अंग वेडेवाकडे हलू लागे. शिवाय शेंगा सोलायला वानरांचीच बोटे लागत आणि वानर मधाशिवाय अंगाला खाज लावून घ्यायला तयार नव्हते. थोडक्यात, संशोधनाला निधी हवा होता.

आणि योगायोग असा की निधी जाहीर झाला.

दवंडीचे खाते सांभाळणाऱ्या रानकोंबड्याने उंच फांदीवरून घोषणा केली की रावसाहेबांच्या दूरदृष्टीतून कंपवात संशोधन महानिधी स्थापन होत आहे आणि इच्छुकांनी अर्ज करावेत. अटी माफक होत्या. निधी वाया जाऊ नये म्हणून अर्जदाराचे संशोधन आधीच पूर्ण झालेले असावे. अर्जदाराला यापूर्वी हाच निधी मिळालेला असावा. रोग दुर्मीळ नसावा, कारण दुर्मीळ रोगावर खर्च परवडत नाही. तो सर्रास आढळणाराही नसावा, कारण त्याने रानाची बदनामी होते.

टिटवी मुंगसाकडे गेली.

"साहेब, हा निधी पहिल्यांदाच जाहीर झालाय. तो आधी कोणाला मिळाला असेल?"

"कोणालाच नाही. म्हणून तर स्पर्धा कमी आहे. संधी आहे, बाई. दवडू नका."

टिटवीने अर्ज केला. तिच्याखेरीज दुसरा अर्ज फक्त मोराचा होता. त्याला पावसाळ्यातील नृत्यासाठी मध हवा होता. परंतु मोराला निवड समितीतही तज्ज्ञ म्हणून घेण्यात आले होते. नाचताना त्याचा पिसारा थरथरतो आणि कंपनाचा एवढा प्रदीर्घ अनुभव रानात दुसऱ्या कोणाला नव्हता. समितीचे अध्यक्ष मुंगूस होते. तिसरा सभासद रानडुक्कर होता. त्याच्याकडे मधाच्या वाटपाचे खाते होते आणि त्याचे वजन पाहता वाटप कुठवर होते याचा अंदाज येत असे.

समितीने रुग्णाला समक्ष हजर करण्यास फर्मावले. सचिवालयात जायला दोन कातळांमधून अरुंद वाट होती. आप्पा वाटेच्या तोंडाशी आला आणि अडला. पलीकडे समिती बसलेली होती आणि अलीकडे आप्पा उभा होता. मध्ये फक्त हवा होती.

"रुग्ण शासनाला सहकार्य करत नाही," मुंगूस म्हणाले.

चंद्राक्काने वाळक्या काटक्या गोळा केल्या आणि शिडीच्या पायऱ्यांसारख्या वाटेवर आडव्या मांडल्या. आप्पाने पहिल्या काटकीवरून पाय उचलून टाकला, मग दुसरीवरून, आणि सावकाश, शिस्तीत, एकेक काटकी ओलांडत तो आत आला.

"याचं कारण असं," टिटवी सांगू लागली, "की ओलांडायला समोर रेघ दिसली की पाऊल..."

"थांबा," मुंगूस म्हणाले. "वाट मोकळी होती तेव्हा हा चालत नव्हता. अडथळे घातल्यावर चालला. हे फार महत्त्वाचं आहे. नागरिकांना अडथळ्यांची गरज असते, हे मी पूर्वीपासून म्हणतोय. आज सिद्ध झालं."

त्यानंतर हाताची तपासणी झाली. आप्पाचा हात मांडीवर थरथरत होता. रानडुकराने मधाने भरलेला द्रोण त्याच्यासमोर धरला. आप्पाने हात पुढे केला. हात द्रोणाकडे निघाला आणि निघताक्षणी स्थिर झाला. त्याने द्रोण घेतला, मध खाल्ला, हात पुन्हा मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने हात पुन्हा थरथरू लागला.

समितीने एकमेकांकडे पाहिले. प्रयोग पुन्हा करण्यात आला. या वेळी आप्पाचा हात द्रोणापर्यंत पोहोचला आणि स्थिर झाला, तेव्हा रानडुकराने द्रोण मागे घेऊन मध स्वतः संपवला. शंकेला जागा राहू नये म्हणून प्रयोग आणखी काही वेळा झाला. मध दर वेळी रानडुकरानेच संपवला.

"निष्कर्ष उघड आहे," मोर म्हणाला. "मध दाखवला की रोग थांबतो. मध दिला की रोग परत येतो."

"मधामुळे थांबत नाही," टिटवी म्हणाली. "या कंपवाताचं लक्षणच ते आहे. हात स्वस्थ असतो तेव्हा थरथरतो. कामाला लागला की बहुधा शांत होतो. मधाऐवजी दगड धरून पाहा, तसंच होईल."

"दगडाचं खातं माझ्याकडे नाही," रानडुक्कर ओठ पुसत म्हणाला.

"मग पान धरा. माती धरा. काहीही धरा."

"बाई," मोर मान तिरपी करून म्हणाला, "तुमचा आक्षेप निष्कर्षाला आहे की मधाला? मधाला असेल तर तो थेट कोठारावर आक्षेप होतो, आणि कोठारात कोणाचा हात आहे हे तुम्हाला ठाऊक आहे."

टिटवीचा अर्ज मान्य झाला. तो मान्य झाल्यामुळेच निधी देण्याची गरज उरली नाही, कारण दिला असता तर रोग वाढला असता.

अशा रीतीने दर्शन-उपचार योजना सुरू झाली. रोज सकाळी बुधला कातळाच्या टोकावर आणला जाई. हात आत असल्यामुळे बुधल्याबरोबर रावसाहेबही येत. खाली जमलेले प्राणी मधाच्या दिशेने हात पुढे करत. रानकोंबडा ओरडे, "हात पुढे." सभा उत्तर देई, "कंप मागे." त्याच वेळी थरथरणाऱ्या हातांची मोजणी होई आणि एकही हात थरथरताना आढळत नसे. मोजणी संपली की सगळे घरी जात, हात मांडीवर ठेवत आणि पुढचे कोणी पाहत नसे.

योजना यशस्वी ठरल्याने इतर खात्यांनीही ती उचलली. चारा संपला तेव्हा चितळांना गवताची पेंढी दाखवण्यात आली. ओढा आटला तेव्हा माशांना पाण्याने भरलेला द्रोण दाखवण्यात आला. सगळ्या पाऊलवाटांवर ओंडके आडवे टाकण्यात आले, आणि ससे ते ओलांडत असल्याचे पाहून रानात चालण्याचे प्रमाण वाढल्याचे जाहीर झाले.

लवकरच रोग संपल्याची घोषणा झाली. तिच्या आनंदाप्रीत्यर्थ स्थैर्य महोत्सव भरवायचा ठरला. महोत्सवाला मैदान हवे होते आणि माळाच्या उतारावर एक निरुपयोगी, खाजरी जाळी वाढलेली होती. ती उपटून काढावी, म्हणजे प्रमुख अतिथींच्या साक्षीने विकासही होईल, असे ठरले.

टिटवी पुन्हा मुंगसाकडे गेली.

"ती जाळी गेली तर बी मिळणार नाही. बी नसेल तर आप्पा बिळाबाहेर येणार नाही. चंद्राक्का म्हातारी आहे, तिच्याने कंद उकरवत नाहीत. दोघंही मरतील, साहेब."

"रोग संपलाय, बाई. संपलेल्या रोगानं कोणी मरत नाही. मेलं तर दुसऱ्या कशानं तरी मेलं."

"मग निदान वारा कुठून येतो तेवढं पाहा. शेंगा वाळल्यात. त्यांची लव उडते."

"महोत्सवाच्या दिवशी वारा कुठून यावा याच्या सूचना दिलेल्या आहेत."

महोत्सवाच्या सकाळी आप्पाला पूर्ण बरा झालेला लाभार्थी म्हणून व्यासपीठावर आणून बसवले. बाजूला चंद्राक्का होती. मध्यभागी रावसाहेब, त्यांचा बुधला आणि समिती. उतारावर रानडुकराचा कळप सज्ज होता. स्वतः रानडुक्कर पहिली मुळी उपटण्याचा मान घेऊन परत येणार होता.

"बंधूंनो," रावसाहेब म्हणाले, "आज आपलं रान स्थिर आहे. माझ्या आधीच्यांनी तुम्हाला मध दिला आणि रोगी केलं. मी तुम्हाला मध दाखवला आणि निरोगी केलं. मी असेपर्यंत तुम्हाला कोणीही मध देऊ शकणार नाही, हा माझा शब्द आहे."

टाळ्या झाल्या. कळपाने जाळीत मुसंडी मारली. वाळक्या शेंगा फुटल्या आणि सोनेरी धूळ उठली. वाऱ्याला मिळालेल्या सूचना पोचल्या नसाव्यात, कारण तो सरळ व्यासपीठाकडे आला.

पहिल्यांदा मोराने पाय झटकला. मग मान झटकली. मग तो व्यासपीठावरच लोळला. मुंगूस यांनी क्षणभर पदाची प्रतिष्ठा राखली आणि मग दोन्ही हातांनी पोट खाजवायला सुरुवात केली. खाली बसलेल्या प्राण्यांना वाटले की ही मानवंदनेची नवी पद्धत आहे, म्हणून त्यांनीही आदराने खाजवले. रानडुक्कर धावत आला आणि व्यासपीठाच्या खांबाला अंग घासू लागला, तसे व्यासपीठ डोलू लागले. आप्पा आणि चंद्राक्का यांना फारसे काही झाले नाही. दाट काट्यांच्या खाली लव पोचणे अवघड होते.

रावसाहेबांनी सर्वांत जास्त वेळ धीर धरला. डाव्या हाताने जेवढे खाजवता आले तेवढे त्यांनी खाजवले. पण पाठीचा उजवा भाग उरला. अखेर त्यांनी बुधल्यातून हात बाहेर काढला. सभेने तो हात पहिल्यांदाच पूर्ण पाहिला. तो कोपरापर्यंत मधाने माखलेला होता आणि मधावर उडालेली लव चिकटत चालली होती, त्यामुळे जिथे जिथे तो हात लागला तिथे तिथे खाज दुप्पट झाली.

"टिटवीबाई," रावसाहेब कण्हत म्हणाले, "याला काही औषध?"

"शेण," टिटवी म्हणाली.

दुसरा इलाज नव्हता. गव्यांना विनंती करण्यात आली. गव्यांनी सरकारला एवढ्या तत्परतेने सहकार्य पूर्वी कधी केले नव्हते. पुढल्या काही वेळात सगळ्या मंत्रिमंडळाला जनतेसमोर शेण फासण्यात आले.

"आता वाळेपर्यंत हलायचं नाही," टिटवी म्हणाली. "हात मांडीवर स्वस्थ ठेवा."

रावसाहेबांनी उजवा हात मांडीवर ठेवला. सभा शांत झाली. आणि तो हात थरथरू लागला. मांडीवर आपला आपण, एका लयीत थरथरू लागला. मुंगूस आकाशाकडे पाहू लागले. मोराने पिसाऱ्यात तोंड घातले. त्या शांततेत आप्पाच्या काट्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि दोन्ही हात एकाच ठेक्यावर हलत होते.

रावसाहेब बराच वेळ आप्पाच्या हाताकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात, भाषणाचा आवाज नव्हे, साध्या आवाजात म्हणाले, "आप्पा, तुझा वास गेला होता का रे?"

"आधी तोच गेला, रावसाहेब. फणससुद्धा कळेना."

"मला मधाचा येत नाही. पुष्कळ दिवस झाले."

"मग खाता कसा?" चंद्राक्काने विचारले.

"सवयीनं."

रानकोंबडा कसलेला होता. त्याने मान ताठ करून घोषणा केली की रावसाहेबांनी जनतेची वेदना स्वतःच्या हातावर घेतली आहे. तेव्हा सगळ्या सभेने एकजुटीने हात थरथरवले. रावसाहेबांनी शेण वाळायच्या आत हात पुन्हा बुधल्यात घातला, आणि त्या वर्षीच्या मधाला जरा वेगळी चव होती असे नंतर रानडुकराने कबूल केले.

महानिधी त्याच दिवशी मंजूर झाला. अर्ज मागवले नाहीत, अटी घातल्या नाहीत, समिती बसली नाही. जाळीचा उरलेला भाग राखीव घोषित झाला आणि वानरांना मध पोचता झाला. मुंगूस यांनी टिटवीला एकच सूचना केली.

"रुग्ण एकच आहे. त्याचं नाव घ्यायचं नाही. रोग संपलेला आहे."

"एकाच रुग्णावर कसं चालेल, साहेब? मात्रा चुकली तर उलट्या होतात, अंग वेडंवाकडं हलतं. रावसाहेबांचं असं भर सभेत झालं तर? आधी दुसऱ्या कोणाला तरी देऊन पाहायला हवं."

मुंगसाचा चेहरा उजळला. "हे आधी नाही का सांगायचं. कुठलीही गोष्ट प्रजेवर आधी करून पाहणं ही आपली जुनी पद्धत आहे. कोणी आहे तुमच्या पाहण्यात?"

"आहे एक साळिंदर. बरा झालेला आहे. तुमच्याच सहीनं."

"मग त्याला रोज द्या. रावसाहेबांच्या आधी."

टिटवीने हा आदेश काटेकोर पाळला. ती रोज मात्रा ठरवी, आप्पाला देई, त्याचे चालणे पाही, आणि मग तीच मात्रा अंगाच्या मानाने वाढवून कातळावर नेई. हळूहळू प्रमाण बसले. एका सकाळी आप्पा बिळाच्या तोंडाशी आला आणि न थांबता बाहेर पडला.

"कुठं निघालात?" चंद्राक्काने विचारले.

"कुठं नाही. नुसता बाहेर जाऊन परत येतो."

पुढच्या सभेत तो हसलासुद्धा. रावसाहेबांचा विनोद संपून बराच वेळ झाला होता आणि अंदाजपत्रकाचे वाचन चालू होते. त्याबद्दल त्याला समज देण्यात आली.

औषध रावसाहेबांनाही लागू पडले. समितीने तसे समारंभपूर्वक सिद्ध केले. रावसाहेबांनी बुधल्यातून हात काढून सर्वांसमोर कातळावर ठेवला. सभा श्वास रोखून पाहत राहिली. हात स्वस्थ होता, रिकामा होता, आणि जराही थरथरत नव्हता. टाळ्या झाल्या. टाळ्या संपायच्या आत रावसाहेबांनी तो उचलून पुन्हा बुधल्यात घातला.

चंद्राक्का टिटवीशेजारी बसली होती. तिने हे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हात तर बरा झाला की. मग आता तिथं कशाला?"

"तो वेगळा रोग आहे, अक्का."

"त्याच्यावर काही औषध निघेल का?"

"निघेल," टिटवी म्हणाली. "पण त्या संशोधनाचा निधीही त्याच बुधल्यातून मिळवावा लागेल."